श्वास सोडताना

स्कॅनच्या टेबलावर झोपणाऱ्या प्रत्येकाला काचेपलीकडून मशीन चालवणारा तो एकच गोष्ट सांगायचा, श्वास आत घ्या, धरून ठेवा. गेल्या वर्षी बायकोलाही त्याने तेच सांगितलं. चित्र स्वच्छ आलं.

त्यानंतर घरात तिच्या दम लागण्याला किंमत उरली नाही. जिन्यात ती थांबली की सासूबाई म्हणायच्या, फोटोत काही नाही म्हणजे सगळं डोक्यात. तोही आईला समजावायचा की फोटो मी स्वतः काढलाय, त्यात खोट निघायची नाही. ती बालवाडीत शिकवायची. आवाज इतका बसला की गोष्ट सांगणं बंद झालं आणि वर्ग दुसऱ्या बाईंकडे गेला. कान अधूनमधून लालबुंद होऊन ठणकायचे. वर्गातल्या एका पोरीने ते जवळून निरखले होते. "बाई, तुमचा कान टोमॅटो झालाय. खालची पाळी तेवढी कच्ची राहिली."

पोरीला दिसलं ते घरात कोणाला दिसलं नाही. कानाच्या खालच्या पाळीत कूर्चा, म्हणजे हाडासारखा आधार देणारा मऊ, लवचीक भाग, नसते. तिला झालेल्या दुर्मीळ आजारात शरीर आपल्याच कूर्चेला शत्रू समजून खात सुटतं. आधी कान, नाक, मग श्वासनलिका. नळीला उघडं धरणाऱ्या कूर्चेच्या कड्या विरघळल्या, तरी छाती भरलेली असताना ती उघडीच दिसते. मिटते ती श्वास सोडताना.

नव्या डॉक्टरीणबाईंनी कान बघूनच ओळखलं आणि श्वास सोडतानाचा स्कॅन काढायला सांगितला.

ती टेबलावर झोपली. "सोड, सोडत राहा," तो माइकवर म्हणाला. पडद्यावर नळीचं गोल भोक चपटं होत होत नखाच्या कोरीएवढं उरलं.

"हललीस तू. पुन्हा काढू."

ती हलली नव्हती. तरी तिने पुन्हा श्वास सोडला. पुन्हा तीच कोर.

तो आत आला. ती धापा टाकत उठून बसली होती. काय दिसलं, असं तिने विचारलं.

"रिपोर्ट डॉक्टर देतील."

"घरी तर तुम्हीच डॉक्टर होता."

विरलेली कडी परत येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तो टेबलावरची चादर सारखी करत राहिला. मग म्हणाला, "आईला मी समजावतो."

"वर्षभर तुम्हीच समजावत होता," ती म्हणाली. पुढचं बोलायला दम उरला नाही, म्हणून हातानेच तिने त्याला बाजूला व्हायला सांगितलं.