न मोजलेल्या मेंढ्यांचा स्टँप

सिद्धू धनगर देवमाणूस, पण हट्टी. नांद्याच्या हैबतरावाकडून त्याने घराचे दोन खण, म्हणजे दोन खोल्यांएवढी जागा, विकत घेतले, तेव्हा पंचवीस रुपये रोख दिले आणि उरलेल्या किमतीपोटी मेंढ्या. कागद लिहिणाऱ्याने विचारले, "मेंढ्या किती?" तसा सिद्धू ताडकन उठला. कळप मोजला की नजर लागते, आकडा कागदावर चढला की रोगच शिरतो, अशी त्याच्या घरची समजूत. शेवटी कागदावर पंचवीसच रुपये आले आणि स्टँपही तेवढ्याचाच लागला. मेंढ्या तोंडच्या शब्दावर गेल्या.

ते दिवस आठवले की त्याच्या बायकोला, बायजाला, भरून येई. लग्नानंतर बारा वर्षे तिने रानोमाळ तीन दगडांच्या चुली मांडलेल्या. नव्या घरात सिद्धू दिवसभर दार लावत होता आणि उघडत होता. दाराचेच काय ते कौतुक! असा साधा नवरा सात जन्म शोधून मिळायचा नाही.

आता १९२६ साल. सिद्धूला जाऊन दोन वर्षे झाली होती. हैबतराव थकला होता आणि कारभार पुतण्या जयसिंगच्या हाती आला होता. पंचवीस रुपयांत एकच खण येतो, दुसरा सोड, असे त्याने बायजाला बजावले. तिने मेंढ्यांची गोष्ट काढली तर तो हसला.

"सांग की मग कचेरीत! स्टँप कमी लावला म्हून दहापट दंड बसंल."

इकडे आड, तिकडे विहीर. तरी बायजा पौडाच्या मामलेदार कचेरीत जाऊन उभी राहिली. जयसिंगही काकाला घेऊन आला होता.

साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. "बाई, खरी किंमत काय ठरली होती?"

खरे बोलावे तर दंड. पण गप्प बसावे तर सिद्धूचा व्यवहारच निम्मा खोटा ठरणार. ते तिला सोसवेना.

"वर मेंढ्या दिल्त्या, साहेब."

"किती?"

"मालकांनी कदी मोजल्या न्हाईत, मीबी मोजायची न्हाई. नावं सांगते. ढवळी, तिला दर येळी जुळी व्हायची. काजळी, ती मालकांच्याच हातनं मीठ खायची. बुगडी. तांबडकानी, लई वढाळ..."

एकेका नावासरशी एकेक माळ, एकेक ओढा तिच्या डोळ्यांपुढे येत होता. कारकून मुकाट्याने बोटे मोजत होता.

"नावं काय, कुनीबी रचंल," जयसिंग म्हणाला.

तेवढ्यात हैबतराव काठी टेकत उठला. "एक राह्यली, बायजे. लंगडी मोरी. सिद्धू तिला द्याया तयार नव्हता. मीच अडून बसलो व्हतो."

जयसिंगचे तोंड पाहण्यासारखे झाले. दोन्ही खण बायजाचे ठरले. कमी पडलेला स्टँप आणि दंड मात्र तिच्याच माथी आला.

कचेरीबाहेर हैबतरावाने तिला गाठले. "दंड कशातनं भरशील गं?"

"हायेत थोडी मेंढरं. इकते."

"समदी? मग ऱ्हाशील कशी?"

"घरात," बायजा म्हणाली, आणि सिद्धू गेल्यापासून दाबून धरलेले रडे तिला भर रस्त्यात फुटले.