जोडलेलं तेवढंच

माझं डोकं पहिल्यापासून तापट, आणि त्यात हाताला कला. असा माणूस कुणाचं ऐकत नाही. पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या आमच्या कारखान्यात प्रेस चालवणारे संगणक माझ्या ताब्यात होते. त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम ओपन सोर्स, म्हणजे तिचा गाभा, कर्नेल, आपल्याला हवा तसा कापून-शिवून पुन्हा बिल्ड करता, म्हणजे नव्याने बांधता येतो. माझ्या जोडीदाराला मी पाठ्यपुस्तक म्हणायचो. तो ठरलेल्या पद्धतीनेच जाणार: सिस्टिमसोबत आलेली तयार यादी घ्यायची, तिच्यातले हजारो ड्रायव्हर, म्हणजे एकेक जोडलेलं यंत्र ओळखणारे छोटे प्रोग्राम, जसेच्या तसे ठेवायचे आणि दीड तास बिल्ड होत बसायचं. आमच्या कारखान्यात सात जन्मांत येणार नाहीत अशा यंत्रांचेही ड्रायव्हर त्यात. मला ते बघवायचं नाही.

माझी पद्धत वेगळी. एक कमांड दिली की या घडीला संगणकाला काय काय जोडलंय तेवढं राहतं, बाकी सगळं यादीतून उडतं. बारा मिनिटांत कर्नेल तयार, सहा सेकंदांत प्रेस चालू. मालकांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली तेव्हा पाठ्यपुस्तकाचं तोंड बघून मला गुदगुल्या झाल्या होत्या.

शनिवारी मी तीन नंबरच्या प्रेसचा कर्नेल बिल्ड केला. सोमवारी सकाळी त्या प्रेसवर माझा मेहुणा बसला. बायकोच्या शब्दाखातर मीच त्याला इथे चिकटवला होता.

दहाच्या सुमारास पाठ्यपुस्तक धापा टाकत माझ्या खोलीत आला. हातात तयार यादी आणि माझी यादी ताडून पाहिलेला कागद. शनिवारी प्रेसपुढचा, आत गेलेला हात ओळखणारा सेन्सर साफसफाईसाठी काढून ठेवला होता, तो म्हणाला. जोडलेला नव्हता, म्हणून त्याचा ड्रायव्हर माझ्या कर्नेलमध्ये आलाच नाही. आता परत बसवला असूनही सेन्सर दिसत नाही, आणि तो दिसला नाही की प्रोग्राम समजतो, हा बिनसेन्सरचा जुना प्रेस. आता आत हात गेला तरी तो थांबणार नव्हता.

"आधी प्रेस बंद करू. भांडू नंतर."

मी एवढंच ऐकायला हवं होतं. पण माझी चूक त्याने लाल पेनाने गोल केली होती, आणि माझी नजर त्या गोलावर अडकली. माझ्या मागावरच होतास का, असं मी विचारलं. तो दाराकडे वळला. मी कॉलर धरून त्याला मागे खेचला आणि तोंडावर बुक्की हाणली. त्याचा दात माझ्या बोटात रुतला. तो तरीही दाराकडे सरकत होता. मी त्याला टेबलावर आपटला, पोटात गुडघा घातला. त्याने मला एकदाही उलटून मारलं नाही. त्याला फक्त दार हवं होतं.

भिंतीपलीकडे तीन नंबरचे दणके लयीत चालू होते. मग एका दणक्यावर किंकाळी आली.

आम्ही दोघंही धावलो. मेहुण्याची उजवी बाही डायमध्ये, प्रेसच्या साच्यात, अडकली होती. प्रेस वर गेला तेव्हा खाली जे राहिलं होतं त्याला हात म्हणवेना. तो नुसता "भाऊजी, भाऊजी" करत होता, आणि प्रेस पुन्हा खाली येत होता. रक्ताळलेल्या तोंडाने पाठ्यपुस्तकाने झेप घेऊन मुख्य स्विच पाडला. मी जागचा हललो नाही.

दुपारी डॉक्टरांनी कोपराखालून हात काढला. बाहेर बाकावर बायकोने पाठ्यपुस्तकाला विचारलं, ओठ कशाने फाटला. घाईत पडलो, तो म्हणाला. तो मला वाचवत होता, आणि मला त्याचाही राग आला.

"मी मारलं त्याला," मी म्हणालो. "तो प्रेस बंद करायला निघाला होता. मी जाऊ दिलं नाही."

तिच्या हातात पाण्याची स्टीलची बाटली होती. ती उठली आणि तीच माझ्या तोंडावर हाणली. नाकाचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. तिने पुन्हा बाटली उगारली तसा माझा उजवा हात आपोआप चेहऱ्यापुढे गेला.

ती त्या हाताकडे बघत राहिली. पाची बोटं होती.

मी हात खाली घेतला.