पाच थाळ्या

मित्रांनो, आधी फायद्याचं बोलू, ओळख मागाहून. कवठे महांकाळच्या कृष्णातला एका दिवसाच्या सहलीतून एक एकर द्राक्षबाग मिळायची होती. भाव पंचवीस लाख. त्यासाठी खाण्यापिण्याचा अंदाजे खर्च चार हजार सहाशे अडुसष्ट रुपये. इतका स्वस्त सौदा बेदाण्याच्या बाजारात उभ्या जन्मात कुणाला लागला नसेल. खात्री बाळगा, आकडे बरोबर आहेत. ते मीच दाखवले. मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे.

माझा जन्म कुठं झाला ते माझ्या पाठीवर छापलेलं होतं, पण तळहातांच्या घामानं ते कधीच पुसलं. मला आठवतं ते सांगलीतल्या दुकानाचं काचेचं कपाट. तिथून कृष्णातच्या वडिलांनी, आप्पासोंनी, मला उचललं. त्यांचा बेदाण्याचा धंदा होता. सौद्याच्या दिवशी ते मला सदऱ्याच्या खिशात घालून न्यायचे. माझं बटण दाबलं की 'टिक' असा आवाज येतो. त्या आवाजावर अडते आणि व्यापारी मान वर करून बघायचे. "आप्पांचं यंतर बोललं म्हंजी भाव ठरला," असं म्हणायचे. तेव्हा मला फार अभिमान वाटायचा. आता वाटतो तो अभिमान नव्हे.

आप्पासोंचा एक नियम होता. जेवायला बसण्याआधी ते मला कोनाड्यात ठेवायचे. म्हणायचे, "घास मोजलं की अन्न अंगाला लागत न्हाई." मी कोनाड्यातून बघत राहायचो. ताटं मांडली जायची, आग्रह व्हायचा. पाहुणा दोनदा 'नको' म्हणायचा, तिसऱ्यांदा वाढून घ्यायचा. आमच्या भागातला हा हिशेब कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. पहिलं 'नको' हे लाजेचं, दुसरं रीतीचं. तिसऱ्यांदा विचारायचं ते यजमानानं, आणि ते न विचारणं म्हणजे पाहुण्याला दार दाखवणं.

आप्पासोंची मुलगी राजेश्वरी माझ्यावर शाळेची गणितं करायची. तिच्या बोटानं माझ्या 'बरोबर'च्या बटणावरची खूण झिजली, तेव्हा तिनं स्वतःच्या कपाळाची लाल टिकली काढून तिथं चिकटवली. "आता चुकायचं न्हाईस," असं मला म्हणाली. पुढं ती लग्न होऊन पाटणला गेली. तिचे पती वीरधवल तिथं शाळामास्तर आहेत. टिकली माझ्याजवळ राहिली.

मग मोबाइल आले आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो. माझ्या शेजारी गंजलेली कात्री आणि संपलेली पेनं. असे बरेच उन्हाळे गेले. आप्पासोही गेले.

मित्रांनो, बापाच्या जमिनीत मुलीचाही वाटा असतो. तो भावाला मोफत सोडला असं बहिणीनं लिहून द्यायचं, त्या कागदाला हक्कसोड म्हणतात. आमच्याकडे कितीतरी बहिणी एका साडीवर आणि माहेरच्या गोड जेवणावर ही सही करून जातात. राजेश्वरीच्या वाट्याच्या एकरभर बागेला पाणी आलं, भाव चढला, तशी कृष्णातला हक्कसोडीची घाई झाली. पण नुसत्या साडीवर एकराची सही मागायला त्यालाही लाज वाटत होती. म्हणून त्यानं बेत केला. मुंबईच्या वाटेवर घाटाखाली मोठं थीम पार्क आहे, तिथं बहिणीच्या घरच्यांना फिरवायचं, पोटभर जेवू घालायचं आणि येताना गाडीत विषय काढायचा. तिकिटं त्यानं सवलतीत आधीच काढली होती. राहिला खाण्याचा खर्च.

दुपारी शेडमध्ये बसून त्यानं मला ड्रॉवरमधून काढलं. मोबाइलवर हिशेब करताना मधेच कुणाचा तरी फोन येतो, म्हणून माझी आठवण झाली. बायको विजयमाला समोर बेदाण्याचे मणी निवडत बसली होती.

"नाष्टा सहा जणांचा, नव्वदनं," कृष्णात म्हणाला. टिक टिक. "दुपारची थाळी साडेपाचशे. तीन थाळ्या."

"तीन? माणसं सहा हायत की."

"पाहुण्यांच्या तीन. आपण धपाटी न्यायची. आपल्या पोराला, शंभूला काय, त्यो पाण्यात पडला की जेवणच इसरतोय."

"आवं, वन्सं जेवणार आन आपण त्यांच्यासमोर डबा उघडायचा?"

"त्यात काय हाय? म्हणायचं, घरचंच लय आवडतं." त्यानं पुढं आकडा घातला. "वर पाच टक्के कर."

कर म्हणजे न बोलावता पंगतीत बसलेला पाहुणा. तो कधीच 'नको' म्हणत नाही. मग संध्याकाळचं आइस्क्रीम आलं, परतीचं जेवण आणि त्यावरचा कर आला. शेवटी टीप.

"टीप किती धरू?"

"शंभर तरी धरा की."

"दिसभराची शंभर," असं म्हणून त्यानं जड बोटानं एक आणि दोन शून्यं दाबली. टीप ही मोठी गमतीची गोष्ट आहे. कायद्यानं मागता येत नाही, आणि नाही दिली तर बडीशेपेच्या बशीकडं बघवत नाही. एकूण चार हजार सहाशे अडुसष्ट झाले. कृष्णात खूश झाला. त्यानं टिकलीवर बोट ठेवलं, ती कुणाची आहे हे न आठवता.

ठरल्या रविवारी पहाटे गाडी निघाली. उंब्रजला हायवेवर राजेश्वरी, वीरधवल आणि त्यांची लहान अंकिता चढली. राजेश्वरीनं आल्या आल्या भाच्याचा गालगुच्चा घेतला.

"किती दिसांनी बोलावलंस रं दादा! मला वाटलं, आप्पांबरोबर माहेरबी गेलं."

"आसं कसं जाईल?" कृष्णात म्हणाला. तेवढं मात्र तो मनापासून बोलला. मी खिशात, काळजाच्या शेजारीच होतो.

पार्कच्या दारात रखवालदारानं पिशवी उघडायला लावली. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, अशी पाटी होती. धपाटी गाडीत परत गेली. कृष्णातचा चेहरा तिथंच उतरला. त्याच्या तीन थाळ्यांच्या सहा झाल्या होत्या.

दुपारपर्यंत मुलं पाळण्यांत बसली, पाण्यात भिजली. राजेश्वरी हसून हसून लाल झाली होती. एका झोपाळ्यावरून उतरल्यावर भावाचा दंड धरून म्हणाली, "आप्पा आसतं तर आप्पांनाबी बसवलं आसतं यात."

मग सगळे जेवायला गेले. आधी पैसे भरायचे, मग बसायचं, अशी तिथली पद्धत होती. वर फळ्यावर थाळीचा दर: सुट्टीच्या दिवशी साडेसहाशे, कर वेगळा. कृष्णातनं मला खिशातून अर्धवट वर काढलं. टिक टिक टिक. सहा थाळ्या, करासकट चार हजार पंच्याण्णव.

"दादा, तुझ्या खिशात पाखरू बोलतंय," राजेश्वरी हसत म्हणाली. मग माझी कड तिला दिसली असावी. तिचं हसू थोडं कमी झालं. रीतीप्रमाणे तिनं म्हटलं, "माझी थाळी नको रं. लय भूक न्हाई. अंकीच्या ताटातलं खाईन दोन घास."

मित्रांनो, हे पहिलं 'नको' होतं. लाजेचं. विजयमालानं नवऱ्याकडं पाहिलं. वीरधवल छताकडं बघू लागले. आता भावानं फक्त म्हणायचं होतं, 'गप बस, माहेरचं माणूस उपाशी ऱ्हाईल व्हय?' एवढंच वाक्य. त्याला कर नव्हता, टीप नव्हती.

टिक टिक टिक. मी दाखवलं: एक थाळी कमी केली तर सहाशे ब्याऐंशी रुपये पन्नास पैसे वाचतात.

"मग पाचच घिऊया," कृष्णात म्हणाला.

त्या वेळी माझी बॅटरी संपली असती तर किती बरं झालं असतं. पण माझ्या कपाळावर काचेची पट्टी आहे, उजेड पडला की मी चालतो. आणि त्या हॉटेलात उजेड भरपूर होता.

"आवं, काय बोलताय?" विजयमाला पुटपुटली.

"ती म्हणतीय की भूक न्हाई."

बिल करणाऱ्याची मशीन बिघडली होती. तो म्हणाला, "बसा, बिल टेबलवर देतो." पाच थाळ्या आल्या. राजेश्वरीनं अंकिताच्या ताटातली पुरी मोडली, एवढ्यात वाढपी आला. मुलगा नम्र होता, पण त्यालाही नियम सांगावाच लागला.

"मॅडम, एका थाळीत दोघांना चालत नाही. वेगळी घ्यावी लागेल."

राजेश्वरीनं हात मागं घेतला. पुरीचा तुकडा तिनं परत ताटात ठेवला. शेजारच्या टेबलावरची माणसं बघत होती. विजयमालानं आपलं ताट तिच्याकडं सरकवलं. "वन्सं, ह्ये घ्या. मला जाईनाच." आता वाढपी त्या ताटाकडं बघू लागला.

सगळे कृष्णातकडं बघत होते. ही दुसरी संधी होती. त्याचा हात खिशात गेला. टिक.

एकच टिक झाली. राजेश्वरी उठली. बिल घेऊन वाढपी उभाच होता, तिनं त्याच्या हातातून ते घेतलं, पर्स उघडली आणि पैसे मोजून दिले. पाच थाळ्या आणि त्यावरचा कर. वर दोनशेची नोट त्या मुलाच्या हातात ठेवली. "तुझी चूक न्हाई बाळा," असं त्याला म्हणाली.

"राजे, आगं, मी देतो की," कृष्णात धडपडून उठला. "बस तू. थाळी मागवतो. वाढपी!"

"बस, दादा. जेव." तिचा आवाज चढला नव्हता. "पाखरू गप कर आता. मला ठावं हाय तू कशापायी बोलावलंस. गाडीतच सांगणार हुते, सही कवा करायची त्ये. मग म्हटलं, जेवताना सांगू. पंगतीत दादा खूश हुईल."

 शंभूनं हळूच विचारलं, "आत्ती, तू जेवणार न्हाईस?"

"माझं पोट भरलं, बाळा."

त्या पाच थाळ्यांमधलं निम्मं अन्न तसंच राहिलं. आइस्क्रीम कुणी मागितलं नाही. परतीच्या जेवणालाही गाडी थांबली नाही. उंब्रजला पाहुणे उतरले. झोपलेल्या अंकिताला वीरधवलनी खांद्यावर घेतलं आणि पाठमोरे चालू लागले. घरी पोचल्यावर कृष्णातनं सवयीनं मला काढलं. अंदाजापेक्षा चार हजार एकशे अठ्ठावीस रुपये वाचले होते. तो आकडा बघून त्यानं मला उपडं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी राजेश्वरी एकटीच एस.टी.नं कवठ्याला आली. कचेरीत तिनं सही केली, अंगठा दिला. साहेबानं विचारलं, "राजीखुशीनं करताय ना?" ती हो म्हणाली. विजयमालानं साडी पुढं केली. ती तिनं कपाळाला लावली आणि तिथंच बाकावर ठेवली. घर अर्ध्या मैलावर होतं. पाणी प्यायलाही ती आली नाही.

दिवाळीत भाऊबीजेला विजयमालानं पाट मांडला, श्रीखंड केलं. संध्याकाळ झाली तेव्हा कृष्णातनं फोन लावला.

"ये की राजे. गाडी धाडतो."

"नको, दादा."

"आसं काय करतीस? शंभू वाट बघतोय."

"नको रं."

"तुझ्या पाया पडतो. ये जेवायला."

त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. चौथ्यांदा विचारलं. मग मी मोजायचं सोडलं. दरवेळी तिकडून एकच शब्द आला, आणि तो आता रीतीचा नव्हता.

मित्रांनो, मी पुन्हा ड्रॉवरमध्ये आहे. माझ्या बटणावरची टिकली परवा सुटून कात्रीखाली पडली. कृष्णात कधीकधी ड्रॉवर उघडतो, माझ्याकडं बघतो, बंद करतो. मला धूळ पुसून हवी, असं मी म्हणणार नाही. माझं मागणं एवढंच आहे. सहलीला जा, थाळीचा दर विचारा, कर धरा, टीप धरा, घरी बसून माझ्यावर हवे तेवढे आकडे दाबा. पण एकदा ताट मांडलं की मला कोनाड्यात ठेवा. मला बेरीज येते, आग्रह येत नाही.

आता शेवटचा हिशेब. नाष्टा कृष्णातनं दिला. जेवण राजेश्वरीनं दिलं, कर तिनं दिला, टीप तिनं दिली, एकर तिनं दिला. आणि त्या दिवशी जेवली नाही तीही तीच. जमा बाजूला कृष्णातकडं एक एकर बाग आहे आणि एक रिकामा पाट आहे. बागेला यंदा चांगला माल धरलाय. त्यातला एक मणी त्यानं अजून तोंडात घातलेला नाही.