धुतला गेलेला अश्रू

भाचीने चित्र पाण्याच्या तसराळ्यातून अलगद वर उचललं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. चित्रातल्या आईच्या गालावरचा अश्रू गायब!

जुने कागद दुरुस्त करणं हा तिचा धंदा, पण हे चित्र काही साधंसुधं नव्हतं. अठराव्या शतकात कुणीतरी तपकिरी शाईने काढलेली देवाची आई, मांडीवर बाळ. प्रार्थनागृहाच्या भिंतीवर ते पिढ्यानपिढ्या टांगलेलं. तिथली सगळी देखभाल मावशीकडे. ओलीने कागदाला डाग पडले, तेव्हा विश्वस्त म्हणाले, कुणातरी बड्या तज्ज्ञाकडे पाठवू. मावशीने त्यांना उडवून लावलं. "घरात वैद्य असताना गावभर कशाला हिंडायचं? माझी भाची करेल."

मावशीचा एकुलता एक मुलगा तरणाताठा गेला, तेव्हापासून ती रोज सकाळी त्या अश्रूसमोर बसायची. देवाबिवाशी तिचं फारसं जमत नव्हतं. "हिला कळतं गं," एवढंच म्हणायची आणि उठून झाडलोटीला लागायची. त्या एका थेंबाच्या आधारावर बाई उभी होती, आणि तो थेंबच भाचीने धुऊन टाकला होता.

कागद भिजवण्याआधी शाई तपासायची, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. रेघेवर पाण्याचा थेंब ठेवायचा, टिपकागदाने टिपायचा, रंग उतरला नाही तरच पुढे जायचं. भाचीने वस्त्राच्या घड्या तपासल्या, बाळाचे केस तपासले. अश्रूवर थेंब ठेवायला मात्र तिचा हात धजला नाही. मावशी जिथे मन मोकळं करते, तिथे आपण कसली परीक्षा घ्यायची? भक्ती म्हणा, मूर्खपणा म्हणा. बाकी सगळी शाई पक्की होती, आणि अश्रू मागाहून कुणीतरी कच्च्या शाईने काढलेला निघाला.

तिने चित्र टिपकागदावर पसरलं, भिंग लावलं आणि दुसरा धक्का बसला. अश्रू नसलेला तो चेहरा रडत नव्हताच. बाई चक्क जांभई देत होती! डोळे पेंगुळलेले, मान कललेली, आणि बाळाच्या मुठीत तिच्या केसांची बट. काय हात होता त्या चित्रकाराचा, लेकाचा! एका रेघेत पापणी जड केली होती. त्याच्या घरात तान्हं पोर असणारच. भीतीने जीव जात असतानाही भाची बघतच राहिली.

मग ती भानावर आली आणि तिने शाई कालवायला घेतली. कुंचला बुडवला, तेवढ्यात दार उघडलं.

"वाळलं का गं?" मावशीने विचारलं.

भाचीची बोबडी वळली. "मावशी, अश्रू... धुतला गेला. मूळचा नव्हता तो. चूक माझीच, मी तपासायला हवा होता."

मावशीने भिंग ओढून घेतलं. ती चित्रावर वाकली.

"ही जांभई देतेय?"

"हो."

"म्हणजे रडत नव्हतीच कधी?"

"नाही."

मावशी स्टुलावर मटकन बसली. चेहरा पांढराफटक. "मग इतकी वर्षं मी एकटीच रडत होते होय गं?"

भाचीने कुंचला पुन्हा शाईत बुडवला. "आत्ता काढून देते. हुबेहूब. कुणाला कळायचंसुद्धा नाही," ती बोलून गेली, आणि आपण हे काय बोललो म्हणून स्वतःच हादरली.

मावशीने तिचं मनगट घट्ट धरलं.

"मला कळेल ना."

तिच्या हातातला कुंचला काढून बाजूला ठेवला आणि मावशी पुन्हा चित्रावर वाकली. बाळाच्या मुठीपाशी तिचं बोट थांबलं.

"आमचं कार्टंही असंच बट धरून ठेवायचं. माझा डोळा लागला की ओढायचं." आणि मावशी हसली.

भाची थक्क झाली. मुलगा गेल्यापासून मावशीच्या तोंडी त्याचं मरणच असायचं. त्याचं लहानपण तिने आज पहिल्यांदा काढलं होतं.