तेल बोलतंय

माहेरी तिला सगळे 'तराजू' म्हणत, आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. इस्पितळाच्या औषधखिडकीमागे बारा वर्षं काढलेल्या बाईला मापाचा अभिमान असणारच. अर्धी गोळी म्हणजे अर्धीच, पाच मिली म्हणजे पाचच. 'अंदाज' हा शब्द तिला शिवीसारखा वाटे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "चिमूटभर मीठ टाक," तर हिने विचारलं, "कुणाची चिमूट?" सासूबाईंनी तो किस्सा शेवटपर्यंत आल्यागेल्याला हसून हसून सांगितला.

त्यामुळे स्वयंपाक हा प्रांत तिचा नव्हता. एक पदार्थ मात्र तिला हमखास जमायचा. चिकनचे तुकडे, बटाटे, गाजरं, कांदे आणि अख्ख्या लसणाच्या पाकळ्या, सगळं तेल-मीठ-मिरपूड लावून एकाच ट्रेमध्ये पसरायचं, वर लिंबू पिळायचं, दोनशे अंशांवर पन्नास मिनिटं ठेवायचं आणि विसरून जायचं. त्यात अंदाजाला जागाच नव्हती. आकडे पाळले की जेवण तयार.

नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. बावीस दिवसांनी तो रविवारी दुपारी दोनला घरी पोचणार होता. आदल्या दिवशी फोनवर म्हणाला होता, "बाकी काही नको. तुझं ते ट्रेमधलं चिकन कर. ढाब्यांवर खाऊन खाऊन जिभेचं चामडं झालंय."

घरात तिसरं माणूस म्हणजे सासरे. काचेच्या कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं भट्टी सांभाळली होती. भट्टीच्या तोंडाकडे बघून बघून डोळे अधू झाले, मग डोळ्यांच्या पडद्यानेही दगा दिला, आणि शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. गेल्या आठ महिन्यांपासून ते इथे राहायला होते. स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात त्यांची खुर्ची असे. सकाळी सहाला उठून ते तिथे बसत ते जेवणापुरते आणि झोपण्यापुरते हलत. डोळ्यांत थेंब ती घड्याळ लावून घालायची. गोळ्या सात कप्प्यांच्या डबीत भरून ठेवायची. काळजीत तिने कधी कसूर केली नाही. पण दोघांत बोलणं म्हणाल तर, "बाबा, पाणी ठेवलंय उजव्या हाताला," आणि, "बरं, सूनबाई." त्यापुढे गाडी जात नसे. कधीकधी तिला वाटे, हा माणूस आत कुठेतरी दार लावून बसलाय, आणि आपल्याला ते ठोठावायचं कसं ते माहीत नाही.

त्या रविवारी साडेबाराला तिने ओव्हन लावला. तापमानाची चकती दोनशेवर नेली. चकती थांबली नाही. तिने बोट लावलं तशी ती भिंगरीसारखी गरगर फिरली आणि हातातच निघून आली. आतल्या तारा मात्र तापत राहिल्या. लालभडक.

ती चकती परत बसवायला लागली. बसेना. आतला दांडा चिमट्याने फिरवून पाहिला. फिरेना. दुरुस्तीवाला रविवारी फोन उचलत नाही, ते तिला ठाऊक होतं, तरी तिने दोनदा लावला. घरात थर्मामीटर होता, पण तो तापाचा. बेचाळीसच्या पुढे त्याची मजल नव्हती.

तेवढ्यात बोळातून आवाज आला.

"तो फार वर चाललाय."

तिला वाटलं, सासरे रेडिओबद्दल बोलताहेत. "काय बाबा?"

"तुझा ओव्हन. पत्रा कडकडतोय बघ. रोज तो असा बोलत नाही. रोज दोनदा टक्‌ करतो, मग गप्प बसतो. आज थांबतच नाहीये."

ती दारात येऊन उभी राहिली. पंधरा पावलांवर बसलेला, न बघणारा माणूस, आणि तो तिला तिच्या ओव्हनची रोजची सवय सांगत होता. तिने तर कधी तो टक्‌ ऐकलाही नव्हता.

"चकती तुटलीय बाबा. किती तापलाय ते कळायला मार्गच नाही. आता मी हे कढईतच शिजवते कसंबसं."

"तुला किती पाहिजे?"

"दोनशे."

ते जरा हसले. "दोनशे म्हणजे आमच्याकडे भट्टी विझलेली म्हणायचे." मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उठले. "मला आत ने."

आठ महिन्यांत त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. तिने कोपराला धरून त्यांना ओव्हनपुढे उभं केलं. "दार उघड आणि बाजूला हो," ते म्हणाले. तिने दार उघडलं. धगीचा लोट अंगावर आला. त्यांनी उजवा तळवा पुढे नेला. भाजेल म्हणून ती ओरडणारच होती.

"एक, दोन," म्हणून त्यांनी हात मागे घेतला. "हा फारच झाला. भिंतीवरचं बटण बंद कर. दार उघडंच राहू दे."

बटण बंद झालं. ते मान किंचित तिरकी करून उभे राहिले. मग पुन्हा तळवा पुढे. एक, दोन, तीन, चार. पुन्हा थांबले. पुन्हा तळवा. या खेपेला सहा झाले, आणि सातव्याला हात सावकाश मागे आला.

"हे तुझं दोनशे. पाच-दहा इकडेतिकडे."

"पण बाबा, कशावरून?"

"हातावरून. भट्टीवर गेलो तेव्हा काटे-मीटर कुठे होते? आमचे मुकादम म्हणायचे, कातडीला विचारा, ती खोटं बोलत नाही."

तिच्या ओठांवर आलं होतं, की कातडी कुणाची? पण ती बोलली नाही. त्यांनी पुन्हा हात आत नेला होता, आणि या वेळी एका जागी न धरता ते तो हवेत हळूहळू फिरवत होते, झोपलेल्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. डावीकडे मागे हात क्षणभर थबकला.

"मागचा डावा कोपरा तेज आहे. उजवी पुढची बाजू मवाळ. तुझी गाजरं नेहमी एका बाजूची कच्ची राहतात ती त्यामुळे."

राहत होती. चार वर्षं राहत होती. आणि ती गाजरांना दोष देत होती.

"ट्रे दे बरं हातात."

तिने ट्रे ओट्यावर त्यांच्यापुढे ठेवला. त्यांची बोटं बटाट्यांवरून गेली, गाजरांवरून गेली, परत बटाट्यांवर आली. ते थांबले.

"हे कुणी कापलं?"

"मीच. का? चुकलं का काही?"

"एकाही तुकड्याला बोट अडखळत नाही." ते पुन्हा एकदा बोटं फिरवून खात्री करून घेत होते. "छत्तीस वर्षांत असा हात मी दोनच माणसांचा पाहिला. दोघेही काच कापणारे."

तिच्या मापाचं असं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. सासरी-माहेरी सगळ्यांनी त्याचा विनोदच केला होता. तिने उगाच ओटा पुसला.

मग त्यांनी सांगितलं तसा तिने ट्रे मांडला. तंगड्या आणि मांड्या मागे डावीकडे, छातीचे तुकडे मवाळ बाजूला, बटाटे कापलेली बाजू खाली करून, कांदे मधोमध, म्हणजे कडेला लागून करपणार नाहीत. ट्रे आत गेला. एक वाजला होता.

त्यानंतरचा पाऊण तास ती भिंतीवरच्या बटणाशी उभी होती आणि ते स्टुलावर ओव्हनपुढे बसले होते. "चालू," ते म्हणायचे. पत्रा टकटकायला लागायचा. ते ऐकत राहायचे. "बंद." मधेच म्हणायचे, "दार दोन बोटं उघड." ती लाकडी पळी फटीत अडकवायची. "काढ." पहिली दहा मिनिटं तिची नजर घड्याळावर होती. नंतर ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आठ महिने जो चेहरा तिला बंद दारासारखा वाटला होता, तो आता इतका जागा होता की डोळ्यांची उणीव त्यात कुठे दिसतच नव्हती.

पस्तीस मिनिटं झाली तेव्हा ते म्हणाले, "आता माझे डोळे तू. दार उघड आणि रंग सांग."

तिने वाकून पाहिलं. "तपकिरी."

"तपकिरी हा काय रंग झाला? कारखान्यात नवा माणूस भट्टीत बघून नुसतं 'लाल' म्हणाला, की मी त्याला परत बघायला पाठवायचो. सांजवेळचा लाल वेगळा, डाळिंबाचा वेगळा, गंजाचा वेगळा. नीट बघ."

ती पुन्हा वाकली. धगीने डोळ्यांत पाणी आलं. आणि तिला दिसायला लागलं. "वरची साल... मधासारखी आहे. बाटलीतल्या मधासारखी नाही. चमच्यातून पडताना उन्हात दिसतो ना, तशी."

"हं. आणि कडा?"

"कडा भिजलेल्या विटेच्या रंगाच्या."

"मांडीच्या सांध्यापाशी?"

"तिथे... तिथे अजून फिकं आहे. जुन्या कागदासारखं."

"मग तो सांधा मागे तेज कोपऱ्याकडे फिरव. बटाटे?"

"बटाट्यांच्या कडांना सोनेरी रेघ धरलीय बाबा. एकदम बारीक. एखाद्या साडीला काठ असावा तशी." बोलता बोलता ती थांबली. इतकी वर्षं हे सगळं या ट्रेमध्ये होत आलं होतं, आणि तिने फक्त घंटी वाजल्यावर दार उघडलं होतं.

दार बंद झालं. जरा वेळाने सासऱ्यांनी बोट वर केलं.

"आता ऐक. डोळे मीट. उघडे असले की कान आळशी होतात."

तिने डोळे मिटले. आधी फ्रिजची घरघर आली. मग खालच्या रस्त्यावरून एक स्कूटर गेली. मग या आवाजांच्या पलीकडे, ओव्हनमधून, एक ओला, जाड आवाज. फसफस. जमिनीवर पाणी सांडल्यावर पाऊल पडावं तसा.

"हे पाणी," ते हळू आवाजात म्हणाले. "कोंबडीचं, कांद्याचं, गाजराचं. अंगातलं पाणी जाताना ते असं कुरकुरत जातं. त्याला जाऊ दे. घाई करू नको."

ती उभी राहिली. किती वेळ, ते तिला सांगता आलं नसतं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच तिला ते मोजावंसं वाटलं नाही. फसफस पातळ होत गेली. मधेमधे तुटायला लागली. आणि मग एका क्षणी, कुणी पडदा बाजूला सारावा तसा, तो जाड आवाज सरला आणि खालून दुसराच एक आवाज वर आला. बारीक, कोरडा, चुरचुरीत, शेकडो ठिकाणांहून एकदम येणारा.

तिने डोळे उघडले.

सासऱ्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता. "ऐकलंस?"

"हो."

"पाणी संपलं. आता तेल बोलतंय. आता साल कुरकुरीत होणार. यानंतर मोजून पाच-सात मिनिटं."

"बाबा, हा आवाज रोज येतो?"

"रोज. येणारच की. त्याला काय आपण ऐकतोय का नाही याची पर्वा?"

त्यांनी "काढ" म्हटलं तेव्हा तिने सवयीने घड्याळ पाहिलं. त्रेपन्न मिनिटं. ट्रे ओट्यावर ठेवला तरी चुरचूर चालूच होती. तिने मांडीच्या सर्वांत जाड भागात सुरी टोचली. रस आला तो स्वच्छ, पाण्यासारखा. एक गाजर दोन बाजूंनी दाबून पाहिलं. दोन्ही बाजू सारख्या शिजलेल्या. लसणाच्या पाकळ्या सालीतच लोण्यासारख्या झाल्या होत्या. तिने एक बटाटा फुंकर मारून सासऱ्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो खाल्ला, आवाज होईल असा चावून, मग म्हणाले, "मीठ कमी आहे." आणि दोघंही हसली. मीठ तिने काट्यावर तोलून घातलं होतं.

नवरा सव्वादोनला आला. दारातूनच ओरडला, "अगं, खालच्या मजल्यापर्यंत वास सुटलाय! शेजारचे काका जिन्यात पायरीवर बसलेत बघ, वासावर पोळी खाताहेत." पिशव्या टाकून तो आत आला आणि थबकला. त्याचे वडील स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते, बाह्या दुमडून, कपाळावर घाम.

"बाबा? तुम्ही इथे?"

"आज यांनीच केलंय," ती म्हणाली. "ओव्हनची चकती तुटली. मी नुसती बटणापाशी उभी होते."

तिने सगळं सांगितलं. हाताचं मोजणं, डावा कोपरा, पाण्याचा आवाज, तेलाचा आवाज. सांगताना तिचे शब्द एकमेकांच्या अंगावर पडत होते. नवऱ्याने तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तो आधी हसत होता, मग हसायचा थांबला. तिघं जेवायला बसली. साल दातांखाली वाजत होती.

मग तो म्हणाला, "लहानपणी मी बाबांचा डबा घेऊन कारखान्यात जायचो. फाटकातून लांबवर भट्टी दिसायची आणि तिच्यापुढे बाबा. मान अशी तिरकी करून उभे. इतकी माणसं तिथे, सगळी घाईत, आणि हे एकटे गप्प. मला वाटायचं, आतून त्यांना कुणीतरी काहीतरी सांगतंय. भीती वाटायची मला. डबा पहारेकऱ्याकडे देऊन पळून यायचो."

"कधी बोलला नाहीस," सासरे म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

सासऱ्यांनी तंगडीचं हाड ताटात ठेवलं. बोटं पुसली. "सांगतच होती ती भट्टी," ते म्हणाले. "छत्तीस वर्षं. रात्री घरी येऊन झोपलो की कानात तीच. मला वाटायचं, घरच्यांना काय सांगायचं यात, आवाज तो आवाज. तुझ्या आईला एकदा सांगायला गेलो, तर म्हणाली, जेवण गार होतंय." ते स्वतःशीच हसले. मग मुलाच्या दिशेने मान वळवून म्हणाले, "ट्रकचं इंजिन बोलतं का रे?"

नवरा घास हातात धरून बसला. "बोलतं," तो म्हणाला. "चढ लागायच्या आधी आवाज बदलतो. मला रस्ता दिसायच्या आधी कळतं."

"मग सांग की."

आणि तो सांगायला लागला. तिने दोघांना वाढलं, स्वतःला वाढून घेतलं आणि ऐकत बसली. बाप आणि मुलगा इतकं बोलताना तिने पाहिलेच नव्हते. बटाटे संपले, तळाशी चिकटलेला कांदा नवऱ्याने सुरीने खरवडून वडिलांच्या ताटात घातला, तरी ते गिअर आणि चढ आणि ब्रेकचा वास यांवरच होते.

जेवणं आटोपल्यावर तिने ट्रे मोरीत ठेवला आणि नळ सोडला. पाणी तळावर आपटलं तेव्हा मोठा, पोकळ आवाज झाला. मग ट्रे भरत गेला तसा तो बसका होत गेला, मऊ होत गेला, आणि काठाशी येताना जवळजवळ नाहीसा झाला. तिने ट्रे रिकामा केला आणि पुन्हा भरायला लावला.

"अगं, पाणी वाया चाललंय!" बाहेरून नवरा ओरडला.

"थांब जरा," ती म्हणाली. "ऐकतेय."