म्हणे लेन्स नाही

मी एक लेन्स बोलतेय. दोनशे मिलिमीटरची, मॅक्रो. नळी लांब, अंग जड, आणि काम एकच: बारीक जीव लांबूनच मोठा करून दाखवायचा. हे आधी सांगून टाकते, कारण अलीकडे एका नव्या कॅमेऱ्याने, मी त्याच्या तोंडावर घट्ट बसलेली असताना, पडद्यावर लिहून दाखवलं की लेन्स लावलेलीच नाही. घरात येऊन बसलेल्या पाहुण्यासमोर यजमानाने ‘आज कोणी आलंच नाही’ म्हणावं, तसं.

मला राग आलाय. अजून गेलेला नाही. पण रागाच्या भरात पुढचं मागं व्हायला नको, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

लांबच लांब टेबलं असलेल्या एका कारखान्यात मी झाले. माझ्या काचा कितीतरी दिवस घासल्या. शेवटी एका जाड अंगठ्याच्या माणसाने माझी फोकसची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, डोळे मिटून. लोण्यात सुरी फिरावी तशी ती फिरली, तेव्हा त्याने मान हलवली आणि मला डब्यात घातलं. त्याचं तोंड मला नीट दिसलं नाही. मान हललेली तेवढी आठवते.

माझे मालक पिकांवरच्या किडींचा अभ्यास करणाऱ्या एका ऑफिसात फोटो काढायच्या कामावर होते. सगळे त्यांना किडेवाले म्हणत. ऑफिसने दिलेली लेन्स आखूड होती. चार बोटांवर जावं तेव्हा कुठे किडा मोठा दिसे, आणि चार बोटांवर जाईपर्यंत किडा उडून गेलेला असे. मी दीड वीत लांबून तेच काम करते. किड्याला पत्ता नसतो. म्हणून किडेवाल्यांनी मला स्वतःसाठी घरी आणलं, आणलं तेही मांडीवर घेऊन. दार उघडणाऱ्या त्यांच्या बायकोने एकदा छातीशी धरलेल्या डब्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या चेहऱ्याकडे, आणि म्हणाली, “सवत आणलीत की.”

तेच माझं नाव पडलं. कुठे बाहेर जायचं झालं की बाई विचारायच्या, सवत येणार आहे का. बसमध्ये जेवणाचे डबे बाईंच्या मांडीवर आणि मी किडेवाल्यांच्या.

त्यांची फोटो काढायची एक पद्धत होती. दोन्ही कोपर बरगड्यांना टेकवायचे, अर्धा श्वास सोडायचा आणि थांबायचं. फोकस जवळपास आला की रिंगला हात लावायचा नाही, आपणच केसभर पुढे किंवा मागे झुकायचं. त्या केसभर झुकण्यात त्यांची सगळी विद्या होती. शाळेत ते फारसे टिकले नव्हते, पण एवढं त्यांना कोणी शिकवूही शकलं नसतं. फोटो धुऊन आला की पाठीवर पेन्सिलीने लिहायचे: तारीख, जागा, उजेड कसा होता, आणि लेन्स कोणती.

त्यांच्या अल्बममध्ये एक पान कुंभारीण माशीचं होतं. ही माशी खिडकीच्या कोपऱ्यात मातीचं इवलंसं मडकं घडवते, आत अंडं घालते, पिल्लासाठी अळ्या भरून ठेवते आणि तोंड बंद करून निघून जाते. माती आणताना, मडकं वळताना, अळी ओढत नेताना, सगळं आम्ही टिपलं होतं. एक तेवढं राहिलं: पिल्लू मोठं होऊन मडकं फोडून बाहेर येतं तो क्षण. कधी ऑफिसची वेळ व्हायची, कधी नेमका रोल संपायचा. किडेवाल्यांनी त्या पानावर फोटो अडकवायचे चार कोपरे चिकटवून ठेवले होते. मधली जागा रिकामी.

मग रोल मिळेनासे झाले. किडेवाले निवृत्त झाले. मी कपाटात गेले ती बारा वर्षं. माझं पुढचं टोपण बाईंनी शिवणातल्या टाचण्या ठेवायला घेतलं. मी उघड्या तोंडाने बसून राहिले. धूळ खाणं म्हणजे काय ते मला विचारा.

यंदा स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंभारणीने मडकं केलं. त्या खिडकीची चौकट कुजली होती, आणि गुरुवारी सुतार येऊन ती काढणार होता. किडेवाल्यांनी मडक्याशेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली आणि बोटांवर दिवस मोजले. पिल्लू बुधवारपर्यंत यायला हवं होतं.

त्या बुधवारच्या आठवडाभर आधी लेक आणि जावई आले. लेकीने बाबांसाठी नवा कॅमेरा आणला होता. त्याची स्वतःची लेन्स आखूड. मडक्याची तोंडओळख म्हणून किडेवाले ती घेऊन जवळ गेले, तर तिथे माती लिंपायला आलेली दुसरी कुंभारीण भुर्रकन उडाली. तेव्हा ते लेकीला म्हणाले, कपाटातली दोनशेची काढ. लेकीने नव्या कॅमेऱ्यावर जुनी लेन्स बसवायची एक कडी मागवली. बारा वर्षांनी माझ्या काचेवर उजेड पडला. जावयांनी मला कॅमेऱ्यावर चढवलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर ती अक्षरं आली. लेन्स नाही.

जावई हसले. म्हणाले, “बाबा, हा हिला ओळखच दाखवत नाहीये.”

मी काय नवी नवरी आहे ओळख करून द्यायला? पण ते असू दे. जावयांनी कॅमेऱ्यात शोधून ‘लेन्स नसली तरी फोटो काढू दे’ असं परवानगीचं कलम चालू केलं आणि बटण दाबलं गेलं. अपमान मी गिळला असता. पण पुढे जे झालं ते गिळण्यासारखं नाही.

या नव्या कॅमेऱ्यांच्या पोटात, फिल्मच्या जागी, एक पट्टी तरंगत असते. हात थरथरला की ती उलटी सरकून थरथर मारते. किती सरकायचं हे लेन्सच्या लांबीवर ठरतं. नव्या लेन्सा आपली लांबी आपणच कॅमेऱ्याला सांगतात. आम्ही जुन्या मुक्या. आमची लांबी माणसाने कॅमेऱ्यात भरायची असते. कॅमेऱ्याने रीतसर विचारलं, किती? माझ्या अंगावर दोनशे हा आकडा कोरलेला आहे, पांढऱ्या रंगाने, बोटाला लागेल असा. जावयांनी तो वाचलाही. आणि भरले आठशे.

आठशे! म्हणजे हात तीळभर हलला की पट्टी चौपट उलटी पळणार. न आलेला कंप कॅमेराच आणणार.

किडेवाले खिडकीपाशी स्टुलावर बसले. कोपर बरगड्यांना, अर्धा श्वास, सगळं जसंच्या तसं. समोर मडकं नाचू लागलं. त्यांनी वीस फोटो काढले, वीसच्या वीस पुसट. पुन्हा काढले. दुसऱ्या दिवशीही तेच. मग त्यांनी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि स्वतःच्या हातांकडे बघत बसले. एखाद्या जुन्या नोकराला निरोप द्यायचा असावा, तसे.

मी आतून ओरडत होते. पण आम्ही मुक्या, हे सांगितलंच.

जावयांनी मोबाइलचा टॉर्च माझ्या तोंडात मारला आणि निदान केलं, बुरशी. बुरशी नव्हती, दोन-तीन धुळीचे कण होते, आणि तेवढे तर त्यांच्या चष्म्यावरही होते. मग ते मायेने म्हणाले की आमच्या बैठकीत काचेचं कपाट आहे, तिथे हिला ठेवू, जुन्या वस्तू हल्ली फार शोभून दिसतात. माणूस वाईट नाही. पण मी शोभायला जन्मले नाही हो. मी बघायला जन्मले.

किडेवाले नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “घेऊन जा. लेन्सचं काही नाही, माझे हात गेलेत. कॅमेरापण न्या, मला आता नको.”

बिघाड कुठेही असो, दोष आधी जुन्या वस्तूवर जातो आणि मग म्हाताऱ्या माणसावर. वस्तू गप्प बसते म्हणून. आणि म्हातारं माणूस? ते तर विचारायच्या आधीच दोष कबूल करून मोकळं होतं. याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे.

त्यांनी मला टॉवेलात गुंडाळलं. मंगळवारची दुपार होती. बाई शिवण घेऊन बसल्या होत्या, माझ्या टोपणातून टाचणी उचलत होत्या. त्यांनी वर न बघताच विचारलं, काय गुंडाळताय. किडेवाल्यांनी हात गेल्याचं सांगितलं.

“हात गेलेत,” बाई म्हणाल्या. “मग सकाळी माझ्या सुईत दोरा कोणी ओवला?”

“ते वेगळं.”

“काय वेगळं? सुईचं भोक काय रस्त्याएवढं असतं? एका खेपेत ओवलात. मला चार खेपांत जमत नाही.” त्यांनी शिवण बाजूला ठेवलं. “सोडा ती बांधाबांध. सवत आहे माझी, पण तीस वर्षं घरात आहे. तिच्यावर आणि तुमच्यावर खोटा आळ मी येऊ देणार नाही.”

किडेवाल्यांनी टॉवेल सोडला. मग त्यांनी ट्रंकेतून आपला जुना कॅमेरा काढला. त्यात ना रोल, ना जीव असलेली बॅटरी. पण बघायला कुठे बॅटरी लागते? त्यांनी मला त्यावर चढवलं. आमची जुनी गाठ, एका वळशात बसली. बाईंनी सुई खिडकीच्या पडद्याला टोचून ठेवली, त्यांनी कोपर टेकवले, आणि माझ्यातून पाहिलं.

सुई जागची हलली नाही. भोकातल्या दोऱ्याचा सुटलेला तंतूसुद्धा दिसला.

त्यांनी लेकीला हाक मारली. तिने नवा कॅमेरा हातात घेतला, पडद्यावरचं एकेक पान उलटत गेली आणि थांबली. “आठशे कोणी टाकलं?”

जावई म्हणाले, “मी. म्हटलं, थरथर मारायची आहे, तर जास्त असलेलं बरं.”

“मीठ आहे का ते,” बाई म्हणाल्या.

जावयांनी कान पकडले. दोनशे भरताना मात्र दोनदा माझ्या अंगावरचा आकडा वाचला, हे मी कबूल करते.

बुधवारी सकाळी किडेवाले स्टुलावर जाऊन बसले. चहा तिथेच, तोही निवला. अकराच्या सुमाराला मडक्यावर एक ओला, गडद ठिपका उमटला. आतून कोणीतरी माती भिजवत होतं. ठिपक्याचं भोक झालं, भोकात जबडा दिसला, मग डोकं. मातीने माखलेलं, जन्मल्या जन्मल्या जगावर जरा चिडलेलं. किडेवाल्यांनी अर्धा श्वास सोडला. बाई दारात थबकल्या. ते केसभर पुढे झुकले.

फोटोत त्या नव्या कुंभारणीच्या मिशीवरचा मातीचा कण मोजता येतो.

जावयांनी पडदा बघितला आणि म्हणाले, कॅमेरा मात्र भारी निघाला. ऐका! वर कॅमेऱ्याने फोटोखाली आपली हुशारी नोंदवली: तारीख, तास, मिनिट, सेकंदसुद्धा. आणि ‘लेन्स’ या शब्दापुढे नुसत्या रेघा.

म्हणून तुम्हाला एकच मागणं आहे. नव्या कॅमेऱ्यावर जुनी लेन्स चढवाल, जरूर चढवा, आम्हाला त्यातच सुख आहे. पण कोण बसलंय ते त्याला खरं खरं सांगा. आणि चित्र बिघडलं तर आमच्यावर किंवा आपल्या म्हाताऱ्याच्या हातांवर ठपका ठेवण्याआधी, आपण काय भरून ठेवलंय ते एकदा उघडून बघा.

शनिवारी फोटो कागदावर छापून घरी आला. किडेवाल्यांनी तो पालथा घालून पेन्सिल घेतली. तारीख लिहिली. स्वयंपाकघराची खिडकी, सकाळचा उजेड. लेन्स कोणती, यापुढे लिहिलं, तीच. मग फोटो उलटून चार कोपऱ्यांत बसवला.

बाईंनी ते शेजारून वाचलं. आपल्या टाचण्या एका वाटीत ओतल्या, टोपण फडक्याने आतून-बाहेरून पुसलं आणि माझ्या तोंडावर बसवलं.

“घे बाई तुझं,” म्हणाल्या.