सहा आठवड्यांची हवा

मित्रांनो, माझ्या पाठीत तीन पिना आहेत. त्यातल्या दोन गंजल्या आहेत आणि तिसरीच्या जिवावर माझी पानं अजून एकत्र आहेत. मुखपृष्ठावर कॉफीच्या कपाचं वर्तुळ उमटलंय आणि शेजारी सॉसेजवर लावतात त्या मोहरीचा पिवळा डाग आहे. असा हा माझा अवतार. मी 'अथांग' नावाच्या खेळाचं नियमपुस्तक, पहिल्या छपाईतलं, आणि त्यातही गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचं. माझ्या एकोणिसाव्या पानामुळे एका बाईचं फार नुकसान झालं. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

'अथांग' हा पट मांडून सोंगट्या सरकवायचा खेळ नव्हे बरं का. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. एक सूत्रधार होतो, बाकीचे अंतराळयानावरची माणसं होतात: कोणी कप्तान, कोणी डॉक्टर, कोणी स्वयंपाकी. सूत्रधार म्हणतो, "समोर उल्कांचा थवा आहे, काय करता?" मग ज्याने त्याने डोकं चालवायचं, फासे टाकायचे, आणि फासे म्हणतील ते सोसायचं. सगळं तोंडी. वाद झाला की मला उघडायचं.

माझा जन्म एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा, अमेरिकेतल्या मॅनिटोवॉक गावातला, आर्लन टेशच्या घराच्या तळघरातला. आर्लन शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचा. त्याच्या वडिलांनी महायुद्धात तिथल्या गोदीत पाणबुड्या बांधल्या होत्या. बंद पोलादी नळकांड्यात माणसं किती दिवस तग धरतात, हे त्याने लहानपणी जेवताना इतक्या वेळा ऐकलं होतं की ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. म्हणून त्याच्या खेळात बंदुकांपेक्षा हवेचा मान मोठा होता. कुठल्या यानात किती आठवडे पुरेल एवढी हवा, याचा तक्ता माझ्या एकोणिसाव्या पानावर आहे.

तो तक्ता पानावर बसवला बर्निस कोहौटने. बर्निस आर्लनची शाळेपासूनची मैत्रीण, अॅल्युमिनियमच्या भांड्यांच्या कारखान्यात टायपिस्ट. तेव्हा संगणक कुठला! आर्लन हाताने लिहायचा, ती टाइप करायची, मग कात्रीने पट्ट्या कापून, मागे मेण लावून जाड पुठ्ठ्यावर चिकटवायची. तक्त्यातले आकडे एका ओळीत यावेत म्हणून एकेक अंक वेगळा कापायचा आणि चिमट्याने जागेवर ठेवायचा. तांदळाच्या कणीएवढा तो तुकडा. पण बर्निसचा हात असा की मोजपट्टी लावून बघावं, केसभर इकडेतिकडे नाही.

"आर्लन, हे अक्षर आहे की कोंबडी नाचून गेली?"

"तुला वाचता येतं ना? झालं तर मग."

"वाचते कसली, उकलते! तुझ्या शाळेतल्या पोरांची दया येते मला."

असं त्यांचं चालायचं. चर्चची पत्रकं छापणाऱ्या माणसाने आम्हा पाचशे भावंडांना छापून दिलं. पानं जुळवायला चर्चच्या हॉलमधलं टेबल टेनिसचं टेबल मिळालं. त्याभोवती गोल फिरत एकेक पान उचलायचं आणि शेवटी पिना मारायच्या. पिना मारायला सॉसेजवाला लेरॉय होता, धिप्पाड, हाताला कायम मोहरीचा वास. माझ्यावरचा डाग त्याच गृहस्थाचा. हस्तलिखिताचे कागद आर्लनने आठवण म्हणून घडी घालून माझ्यातच ठेवून दिले, ज्या पानाचा जो कागद, तो त्या पानाशी. म्हणून मला ठाऊक आहे, मित्रांनो. एकोणिसाव्या पानाचा कागद चार वर्षं माझ्या त्या पानाला चिकटून होता.

छोट्या यानात हवा किती? छापलं होतं: सहा आठवडे. आर्लनच्या मनात होते सोळा. पण छापून आल्यावर कोण पुन्हा बघतंय? आणि सहा आठवड्यांत जवळचं बंदरसुद्धा गाठता येत नव्हतं. ठिकठिकाणच्या टेबलांवर खेळातली माणसं गुदमरून मरू लागली. पत्रं येऊ लागली, आत परतीचं पाकीट तिकीट लावून ठेवलेलं. बर्निस मला उघडून बघायची आणि प्रत्येकाला हाताने उत्तर लिहायची: होय, सहाच आठवडे, पुस्तकात तसंच आहे.

मग खेळणाऱ्यांनी आपणहून एक रीत पाडली. पाचवा आठवडा संपला की सगळे आपापला पात्राचा कागद टेबलावर पालथा ठेवायचे, फासे बाजूला सारायचे, आणि ज्याला वाटेल त्याने सांगायचं की मी माझी हवा अमक्याला देतो. मॅनिटोवॉकच्या टेबलावर एका रविवारी दुपारी लेरॉयने आपल्या कप्तानाची हवा स्वयंपाक्याला दिली आणि चक्क रडायला लागला.

"अरे रडतोस काय बैलासारखा?" बर्निस म्हणाली. "खोटा आहे तो कप्तान."

"तीन वर्षं सांभाळला मी त्याला!" लेरॉय म्हणाला. "तुम्हा लोकांना काही काळीज आहे की नाही?"

आणि कप्तानाला खोटा म्हणणाऱ्या बर्निसचेच डोळे भरून आले होते. या एका गोष्टीमुळे 'अथांग' कुठल्या कुठे पोहोचला. दुसरी छपाई झाली, तिसरी झाली. लोक म्हणायचे, दुसऱ्या खेळांत माणसं जिंकायला बसतात, यात एकमेकांसाठी बसतात. ती माझी भरभराटीची वर्षं. मी दर रविवारी टेबलावर असायचो.

एकोणीसशे ब्याऐंशी साली शिकागोच्या एका मोठ्या कंपनीने खेळ घेतला. मूळ चिकटवलेली पानं खोक्यात भरून तिकडे गेली. तिथल्या संपादकाने आर्लनला फोन करून विचारलं, तुमच्याच गणिताप्रमाणे सहा कसे येतात? आर्लनने आकडेमोड केली. सोळा आले. त्याला लगेच वाटलं, सोळातला एकाचा अंक चिकटवताना गळून पडला असणार. मला उघडून हस्तलिखित बघायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. ती दोन मिनिटं त्याने काढली नाहीत. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत छापून आलं, की पहिल्या छपाईत पान चिकटवणाऱ्याच्या हातून एक अंक गळाला होता, तो आता दुरुस्त केला आहे. नाव नव्हतं. पण पान चिकटवणारं दुसरं होतं कोण?

बर्निसने ती ओळ वाचली आणि पांढरीफटक पडली.

"तो तक्ता चिकटवला त्या दिवशी माझ्या स्वेटरच्या कोपराला कागदाचा एक तुकडा चिकटला होता," ती म्हणाली. "मी झटकून टाकला. बघितलंसुद्धा नाही रे. तोच असणार."

"जाऊ दे गं. होतं असं."

"माणसं मेली ना, आर्लन. आणि मी सगळ्यांना लिहीत बसले, सहाच, सहाच म्हणून."

बाई गं, तो तुकडा कशाचाही असेल! कापताना शंभर तुकडे उडतात. पण तिला कोण सांगणार? हस्तलिखित उलगडून बघायचं तिलाही सुचलं नाही. हस्तलिखितावर आर्लनच्या त्या कोंबडीच्या अक्षरात 'सहा'च लिहिलेले होते. डावीकडे एकाचा अंक नव्हता. तिने जे दिलं होतं तेच टाइप केलं, तेच कापलं आणि सरळ चिकटवलं.

ऑक्टोबरात काहीतरी शोधताना आर्लनने मला उघडलं. तो कागद त्याच्या हाती आला. त्याने वाचला, चष्मा पुसून परत वाचला. मला वाटलं, आता हा उठेल आणि तसाच बर्निसकडे जाईल. उठला खरा. पण परसातल्या पिंपात पाचोळा पेटवलेला होता, तिकडे गेला. परत आला तेव्हा हात रिकामे होते. दुसरी आवृत्ती देशभर गेली होती, प्रस्तावनेखाली त्याची सही होती. लाज वाटली असेल. तो दुष्ट नव्हता, मित्रांनो. पण त्या दिवशी तो भित्रा झाला, आणि मला अजून त्याचा राग येतो.

पुढच्या ऑगस्टात मिलवॉकीला खेळाडूंचा मेळावा भरला. आर्लन मला घेऊन व्यासपीठावर गेला. कोणीतरी सहा आठवड्यांचं विचारलं. आर्लनने मला उंच धरलं आणि म्हणाला, "आमच्या बर्निसची कात्री घसरली, आणि तुम्ही सगळे गुदमरून मेलात!" हॉलभर हशा. बर्निस तिसऱ्या रांगेत होती. तीही हसली. मी उंचावर होतो, मला तिचे हात दिसत होते. तिने ते मांडीखाली दाबून धरले होते. आणि तो विनोद त्याने एकदा नाही, वर्षानुवर्षं केला.

कंपनीला पुढच्या भागासाठी तारकांचे नकाशे तिच्याकडूनच हवे होते. ती म्हणाली, "माझ्या हाताचा भरवसा नाही, दुसरं कोणी बघा." कारखान्यातही तिने टायपिंग सोडलं आणि भांड्यांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम मागून घेतलं. तिथेही एकेक चिठ्ठी तीनतीनदा तपासायची. पोरी हसायच्या तिला.

खेळाचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. दुसरी आवृत्ती देखणी होती, जाड पुठ्ठा, आत रंगीत चित्रं. पण हवा सोळा आठवड्यांची. कोणाला काही कमी पडेना, कोणी कागद पालथा ठेवेना. खेळणारे पांगले. पाच वर्षांत कंपनी बुडाली, मूळ पानांची खोकी कुठे गेली देव जाणे. आणखी एकाने हक्क घेऊन एक केविलवाणी आवृत्ती काढली, तीही पडून राहिली. लेरॉय वारला. मी तळघरातल्या फळीवर ओल खात पडलो. पंचवीस वर्षं मला कोणी उघडलं नाही.

मग काही तरुण मंडळींनी आर्लनला शोधून काढलं. त्यांना पहिली आवृत्ती जशीच्या तशी पुन्हा छापायची होती, सहा आठवड्यांसकट. प्रस्तावना तुम्हीच लिहा म्हणाले. आर्लन सत्तरी ओलांडलेला, बायको गेलेली. चार दिवस कोऱ्या कागदापुढे बसला. पाचव्या दिवशी सकाळी त्याने मला पुसलं, गाडीत घातलं आणि शेजारच्या टू रिव्हर्स गावी बर्निसच्या दारात जाऊन उभा राहिला.

तिने कॉफी ठेवली. बशीत कोलाचे वाढले, सुकं आलुबुखार भरलेले गोड पाव. त्याने हातही लावला नाही.

"बर्निस, तुझा अंक गळला नव्हता. मीच सहा लिहिले होते."

"कधी कळलं तुला?"

"त्याच वर्षी. ऑक्टोबरात."

"आणि आता कुठला महिना चाललाय?"

"मे."

"मे. वा."

तिने एप्रनला हात पुसले आणि पुढे केले. "दे. बघू तो कागद."

"नाही तो. जाळला मी."

तिने हात मागे घेतले. मग मला मांडीवर घेऊन एकोणिसावं पान उघडलं, चष्मा लावला, आणि खूप वेळ बघत राहिली. शेवटी म्हणाली, तेही अगदी मायेने, "आर्लन, तू भला माणूस आहेस. वय झालं की सगळ्यांचं मन सांभाळावंसं वाटतं. मला बरं वाटावं म्हणून म्हणतोयस तू हे."

"नाही गं! शपथ घेतो. नव्या पुस्तकात छापतो मी सगळं."

"छाप हवं तर. पण तुकडा होता रे कोपराला. माझ्या डोळ्यांनी पाहिलाय मी." तिने बशी त्याच्यापुढे सरकवली. "खा. गार झाले तर वातड होतात."

म्हातारा ओक्साबोक्शी रडला. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आणि विश्वास मात्र ठेवला नाही.

मित्रांनो, माझी पानं जपा, मला ओलीत टाकू नका, असं मी मागू शकलो असतो. ते राहू द्या. एवढंच मागतो, की चूक तुमची निघाली तर त्याच दिवशी सांगा, कागद हातात आहे तोवर. नंतर खरं बोलूनही उपयोग होत नाही.

आर्लन मला तिच्याकडेच ठेवून गेला. ती रोज सकाळी कॉफी पिताना एकोणिसावं पान उघडते आणि त्या सहाच्या डावीकडे बोट फिरवते, मेणाचा वण लागतो का बघते. छापलेल्या पानावर मेण लागत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी फिरवते. तिथे कधीच काही नव्हतं, बर्निस. मी रोज सांगतो तिला, जीव तोडून सांगतो. ती पान मिटते आणि कप विसळायला उठते.